अडतिसाव्या किलोमीटरचा थांबा

४ सप्टेंबर

माझ्या तिकीट खिडकीत संगणक आल्याला आज महिना झाला. गाडी, वेळ आणि शेरा अशा तीन रकान्यांची जाड वही आता कार्यालयाला नको आहे. कपाटात दोन कोऱ्या वह्या उरल्यात, त्या फेकवत नाहीत. बावीस वर्षं संध्याकाळची १८:५२ निघून गेली की मी शेरा लिहीत आले. हात ऐकत नाही. तेव्हा यापुढे माझं मीच लिहीन.

नवी वही सुरू करताना पहिल्या पानावर नाव आणि ठिकाण घालायचा नियम आहे. नाव मुकम्बर, वय चोपन्न. ठिकाण अडतिसावा किलोमीटर. ताश्केंतहून खोजिकेंतच्या डोंगराकडे विजेची गाडी जाते, तिचा हा थांबा. त्याला नाव कुणी ठेवलंच नाही, आकडाच आहे. एक फलाट, एक तिकीट खिडकी, एक बाक आणि दोन तुतीची झाडं.

६:४८ वेळेवर. १८:५२ तीन मिनिटं उशिरा. शेरा: हिलोलाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आजपासून. हिलोला माझी केलीन, माझ्या मुलाची, एल्योरची बायको. रोज ६:४८ ने ताश्केंतला जाते, १८:५२ ने परत येते, मग मी खिडकी लावते आणि दोघी घरी जातो. एल्योर चार वर्षं रशियात बांधकामावर आहे. जाताना रीतीप्रमाणे त्यानं नव्या नोनचा, तंदुरात भाजलेल्या रोटीचा, दातानं एक घास तोडून खाल्ला. उरलेली नोन भिंतीवर खिळ्याला टांगली आहे. परत आला की ती त्यानंच संपवायची. मी दर जुम्म्याला तिच्यावरची धूळ झटकते.

९ सप्टेंबर

मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. लहान थांब्यांची मोजणी होणार. सकाळच्या ६:४८ ला किती माणसं चढतात ते वेगवेगळ्या तीन दिवशी मोजतील. सरासरी साठाच्या खाली गेली, तर पहिल्या जानेवारीपासून गाडी इथं थांबणार नाही. खाली लिहिलंय, हा मजकूर प्रवाशांना सांगू नये.

मला मोजायला दुसऱ्या कुणाची गरज नाही. गुरुवारी ४७, शुक्रवारी ४४, आज ४९. साठ फक्त नवरोजच्या सणाच्या आदल्या दिवशी होतात.

सांगू नये म्हटलंय, तर सांगणार नाही.

१४ सप्टेंबर

होशिम-ओता खिडकीशी आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आमच्या महल्ल्याचे वडीलधारे. लग्न, मयत, पाण्याची पाळी, कुठलीच गोष्ट त्यांच्यावाचून होत नाही.

"पोरी, थांबा बंद करणार म्हणतात. खरं का?"

मी तिकिटांच्या कागदाची गुंडाळी बदलत राहिले.

"म्हणजे खरं," ते म्हणाले.

"मी काही बोलले नाही, ओता."

"खोटं असतं तर तू तोंडावर 'नाही' म्हणाली असतीस. गप्प बसलीस म्हणजे हो. बावीस वर्षं बघतोय तुला."

दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळी चहाखान्यात बैठक. नियम मी मोडला नाही, पण मोडला असता तरी याहून जास्त काय झालं असतं, कोण जाणे.

१८ सप्टेंबर

जेवताना हिलोलानं विचारलं, "ओयी, थांबा बंद झाला तर तुम्ही काय कराल?"

"माझं काय? तू काय करशील ते सांग."

"होस्टेलमध्ये जागा आहे. बाई म्हणाल्या, हवी तर आताही मिळेल."

म्हणजे चौकशी करून झालेली दिसते. गाडी नसेल तर इथून दोन बस बदलाव्या लागतात, आणि शेवटचे चार किलोमीटर पायी. हिवाळ्यात ते कुणाच्यानं होणार नाही. तिला होस्टेलातच राहावं लागेल हे मलाही कळतं. पण पत्र येऊन दहा दिवस झाले नाहीत, तोच हिची पेटी भरून तयार. मी चहा न पिताच उठले.

मग एल्योरला फोन लावला. म्हटलं, तुझी बायको होस्टेलात जायचं म्हणते. तो म्हणाला, "जाऊ दे ना आई, तिची ती बघेल." मागे कुणाचं तरी मूल रडत होतं. पाच-सहा जण एका खोलीत राहतात, कुणाचं तरी बिऱ्हाड आलं असेल. कामावर जायचंय म्हणून त्यानं लगेच फोन ठेवला. हिलोलाला बोलायचंय का म्हणून मी हाक मारली होती, तर ती गाईला पाणी पाजायला गेली होती. आताशा फोन आला की हिला नेमकी गाय आठवते.

२ ऑक्टोबर

१८:५२ ने मोजणीवाला उतरला. अर्कादी लिम, ताश्केंतचा कोरियन, पन्नाशीचा, नीटनेटका. हातात अंगठ्यानं दाबायचं मोजयंत्र. उद्या ६:४८ च्या आधी इथं पोचणारी गाडीच नाही, म्हणून बिचाऱ्याला आदल्या संध्याकाळी यावं लागलं. तारीख गुप्त ठेवणाऱ्यांनी वेळापत्रक वाचलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं मला विचारलं, रात्री खिडकीमागच्या खोलीत झोपलं तर चालेल का. मी उत्तर द्यायच्या आत होशिम-ओता फलाटावर हजर. "पाहुणा फळीवर झोपला तर आमच्या दाढ्यांचा काय उपयोग?" असं म्हणून त्याची पिशवी उचलून घेऊन गेले.

आता घराघरातून सुऱ्यांचा आवाज येतोय. बायका गाजरं चिरायला बसल्यात. काय शिजतंय ते विचारायला मी गेले नाही.

३ ऑक्टोबर

जे झालं ते क्रमानं लिहिते.

पहाटेची नमाज झाल्याबरोबर होशिम-ओतांच्या अंगणात पाहुण्याच्या मानाचा ओश झाला, म्हणजे पुलावाची पंगत. कढईत चाळीस किलो तांदूळ. सकाळचा ओश म्हटला की महल्ल्यातला एकही पुरुष घरी राहू शकत नाही, आणि ओतांच्या आधी कुणी उठू शकत नाही. बायका नोन भाजायला, ताटं भरायला, भांडी घासायला. शाळेची पोरं चहाच्या किटल्या घेऊन. सगळ्यांची एकच अक्कल: पाहुण्याला खूश केलं की थांबा वाचला.

मी ६:१५ ला खिडकी उघडली. ६:३० ला कुणी नाही. एरवी या वेळी नोरमत शिंपी आणि दूध विकणाऱ्या दोघी बहिणी रांगेत भांडत असतात. ६:३५ ला मी बाहेर येऊन पाहिलं. तीनशे पावलांवर झाडांखाली अख्खं गाव बसलं होतं आणि वाफ वर जात होती. मी हातवारे केले. नोरमतनं मला पाहिलं आणि घास उंचावून 'या ना' म्हणून खूण केली.

लिम मात्र कामाचा माणूस. ६:४० ला उठला, छातीवर हात ठेवून सगळ्यांची माफी मागितली आणि फलाटावर येऊन उभा राहिला. ओठांना तूप लागलेलं. यजमान पाहुण्याला सोडायला आले नाहीत, कारण त्यांना वाटलं तो लगेच परत येतोय. त्याच्यासाठी मांसाचा मोठा तुकडा राखून ठेवला होता.

गाडी वेळेवर आली. दारं उघडली. फलाटावर मी, लिम आणि हिलोला.

हिलोला झग्याला हात पुसत ओतांच्या अंगणातून धावत आली होती. मागून बायका ओरडत होत्या, "अगं, एक दिवस कॉलेज बुडालं तर जीव जाईल का? गावाचं काम आहे!" ती म्हणाली, "मला वर्ग आहे," आणि चढली. लिमच्या यंत्रानं एकदा टक् केलं. दारं लागली. बाकी डबे आले तसे रिकामे गेले.

मग झाडांखाली कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. दोनशे माणसं उठून उभी राहिली. गाडी तोवर पुलापलीकडे गेली होती.

लिमनं कागद पुढे केला. मोजणीवर थांब्याच्या कर्मचाऱ्याची सही लागते. आकडा १. खरा होता. मी सही केली.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. होशिम-ओता दिवसभर चहाखान्यात भिंतीकडे तोंड करून बसले. पण बायकांचा सगळा राग हिलोलावर. "भांडी आम्ही घासायची आणि ही चालली शहरात." मलाही लाज वाटली. एक सकाळ तिला गावासोबत बसवलं नाही. संध्याकाळी उतरली तेव्हा मी तिच्याशी बोलले नाही. "गाडी वेळेवर होती का?" एवढं रोजचं विचारलं. "होती," म्हणाली.

११ ऑक्टोबर

लिम काल पुन्हा आला. ज्या घरचं मीठ खाल्लं ते सोडून दुसरीकडे उतरता येत नाही, म्हणून पुन्हा ओतांकडेच. या वेळी चुलीला कुणी काडी लावली नाही. पाहुण्याला चहा, नोन आणि द्राक्षं. ओतांना हे किती जड गेलं असेल.

सकाळी ६:१५ ला मी खिडकी उघडली आणि दचकले. रांग तुतीच्या झाडांपलीकडे. ज्या म्हाताऱ्या दहा वर्षांत नदीपलीकडे गेल्या नव्हत्या त्या थर्मास आणि उशा घेऊन आल्या होत्या. एका घरची नवी नवरी डोक्यावरची चादर सांभाळत उभी होती. एकजण कोंबडी घेऊन आला होता. त्याला विचारलं, कोंबडी कुठे नेतोस? म्हणाला, "ओपा, रिकाम्या हातानं फिरायला गेलो तर खोटं वाटेल." ओता सगळ्यांत पुढे, जुन्या कोटावर युद्धात गेलेल्या बापाचं पदक लावून.

गाडी चार मिनिटं थांबवावी लागली. गार्ड शिव्या देत होता. लिमचं यंत्र टकटकत राहिलं. १६४.

गाडी गेल्यावर त्यानं मला विचारलं, "मुकम्बर-ओपा, रोज एवढी असतात?"

मी म्हटलं, "आज चिर्चिकला बाजार असतो."

बाजार रविवारी असतो. आज बुधवार. त्यालाही ते माहीत असणार. त्यानं मान हलवली, कागद पुढे केला, मी सही केली.

बावीस वर्षांत कामावर खोटं बोलले नव्हते. का बोलले त्याचा दिवसभर विचार करतेय. थांबा गेला तर मला दुसरं काम मिळेल, न मिळालं तरी गाय आहे, एका बाईला किती लागतं. खरं म्हणजे मी तोंड उघडलं तेव्हा डोळ्यांसमोर दुसरंच होतं. गाडी सुटताना हिलोला दारात उभी होती, आपली जागा एका म्हातारीला देऊन, आणि रोजच्यासारखी माझ्या खिडकीकडे बघत होती. १८:५२ ला ती उतरली नाही तर मी खिडकी कशासाठी लावू, असं मनात आलं. याला काही कारण म्हणत नाहीत. शेऱ्यात लिहून ठेवते, एवढंच.

१९ ऑक्टोबर

दुपारी गझलकेंतहून हिलोलाची आई आली. साओदत. रिकाम्या हातानं येणारी बाई नाही, पण आज तिच्या हातात काहीच नव्हतं. खिडकीमागच्या खोलीत बसवलं, नोन मोडली, चहा ठेवला.

ती म्हणाली, "मुकम्बर-ओपा, स्पष्ट बोलते. आणखी किती दिवस ठेवणार माझ्या पोरीला?"

"ठेवणार म्हणजे? ती माझी केलीन आहे."

"होती. तुमच्या मुलानं नवरोजलाच फोनवर तलाक देऊन तिला मोकळी केली. तिकडे बाई आहे, मूल आहे. अन् तुम्ही माझ्या पोरीकडून गाय धुऊन घेताय."

  साओदत माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचा आवाज खाली आला.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"देवा," ती म्हणाली. "मी म्हणायचे, ये घरी. चांगलं स्थळ आलंय. तर म्हणते, अभ्यास संपू दे. होस्टेलात जा म्हटलं, तर म्हणते, ओयी संध्याकाळी स्टेशनवर एकट्या असतात. मला वाटलं, तुम्ही अडवून धरलीय."

मी तिच्या पियालीत चहा ओतला तो काठोकाठ. पाहुण्याला काठोकाठ चहा म्हणजे 'ऊठ आता'. माझ्या हाताला तेही कळलं नाही. साओदतनं पाहिलं, पण राग मानला नाही. बशीत ओतून अर्धी केली आणि प्यायली. जाताना मला मिठी मारली. मी तिला तिकीट दिलं ते ताश्केंतकडचं, आणि ती गझलकेंतकडे जाणार होती.

नवरोज मार्चमध्ये. आता ऑक्टोबर. सात महिने रोज १८:५२ नं ती अशा घरी परत येत होती, जे तिचं उरलं नव्हतं. आणि मी तिच्या होस्टेलच्या पेटीवरून चहा न पिता उठत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

१८:५२ वेळेवर. हिलोला उतरली, खिडकीशी आली. मी विचारलं, "का सांगितलं नाहीस?"

तिला लगेच कळलं. "तुम्ही कधी विचारलंत? रोज विचारता, गाडी वेळेवर होती का. मी सांगते, होती."

"मला कुणी नाही म्हणून राहिलीस?"

"तसं काही नाही, ओयी. एकदा वाटलं सांगावं. तुम्ही त्या नोनवरची धूळ झटकत होता." मग म्हणाली, "गाईची धार काढायची राहिलीय. चला."

घरी येईपर्यंत मी रडले. ती बाजूनं चालत होती. कुंपणाशी माझ्या हातातली किल्ल्यांची जुडी मात्र काढून घेतली, कारण मला कुलूप दिसत नव्हतं.

२१ ऑक्टोबर

एल्योरला फोन केला. म्हटलं, मला कळलं.  तो म्हणाला, हिवाळ्यात येऊन सांगणार होतो. कुठल्या हिवाळ्यात, ते मी विचारलं नाही. मुलाचं नाव विचारलं. तिमूर. दीड वर्षाचा आहे. पोटच्या पोराचा इतका राग आला की फोन भिंतीवर मारावासा वाटला, आणि नाव मात्र तेव्हापासून तोंडात घोळतंय.

२४ ऑक्टोबर

आज लिम कुणाला न कळवता कार्यालयाच्या मोटारीनं आला. कुणी तयारीत नव्हतं. नोरमत, दूधवाल्या बहिणी, वीटभट्टीचे कामगार, कॉलेजची मुलं, हिलोला. ४६. सही केली.

मग त्यानं पिशवीतून गाजराच्या तिखट कोशिंबिरीची बरणी काढली. "होशिम-ओतांना द्या. त्यांनी दिलेलं भांडं रिकामं परत करता येत नाही."

मी बरणी बाजूला ठेवली आणि म्हटलं, "अर्कादी-अका, बाजार रविवारी असतो."

"माहीत आहे. आमच्याकडेही चिर्चिकच्या बाजारातूनच गाजर येतं."

"मग लिहा तसं."

"मी मोजतो, ओपा. विचार करायला वेगळी माणसं आहेत." त्यानं कागदावर बेरीज मांडली. एक, एकशे चौसष्ट, सेहेचाळीस. दोनशे अकरा. तिनानं भागून सत्तर. "साठाच्या वर. पण खरं सांगू? पहिल्या दिवशीचा तो एक नसता तर मला भागाकार करावाच लागला नसता. ज्या दिवशी कुणीच चढत नाही, तो थांबा वापरात नाही असं धरतात. पुढची मोजणी होतच नाही. ती तुमची मुलगी ना?"

मी म्हटलं, "हो, मुलगी."

संध्याकाळी हिलोलाला विचारलं, तुला हा नियम ठाऊक होता का. म्हणाली, "नाही. तो माणूस यंत्र धरून उभा होता, कुणीतरी चढायला हवं होतं ना."

"पण वर्ग होता म्हणालीस."

"वर्ग नव्हता. ताश्केंतला स्टेशनवर बसून राहिले. लवकर परतले असते तर सगळ्यांना कळलं असतं."

आणि त्या संध्याकाळी मी तिच्याशी बोलले नव्हते. बरणी घेऊन आधी ओतांकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. ओतांनी ऐकून घेतलं, मग भांडी घासणाऱ्या त्या सगळ्या बायकांना अंगणात बोलावलं. काय बोलले माहीत नाही, पण रात्रीपर्यंत आमच्या दारात सात ताटं आली, सातही भरलेली.

८ नोव्हेंबर

पत्र आलं. थांबा राहिला. तिकीट खिडकी मात्र पहिल्या जानेवारीपासून बंद, तिकिटं गाडीतच देणार. म्हणजे माझं काम गेलं. गाव आधी नाचलं आणि मग माझ्याकडे बघून थांबलं. नोरमत म्हणाला, "ओपा, मग आम्ही भांडायचं कुणासमोर?" मी म्हटलं, बाक राहणार आहे, तिथं बसेन, भांडत जा.

वाईट वाटलं. पण वाटलं होतं तेवढं नाही.

१३ नोव्हेंबर

हिलोलाला ताश्केंतच्या एका इस्पितळात सहा आठवडे प्रत्यक्ष काम आहे. पाळ्या रात्रीच्याही, म्हणून तिथंच राहायचं. आठ दिवस ती मला सांगायचं टाळत होती. मीच म्हटलं, पेटी भर.

काल संध्याकाळी एल्योरची नोन खिळ्यावरून काढली. वीट झाली होती. दाताची खूण तशीच. नोन फेकत नाहीत. पाण्यात भिजवून कोंबड्यांना घातली, आणि पायाखाली कण येऊ नये म्हणून अंगण झाडलं. त्याला परत यायचं असेल तेव्हा येईल, दार उघडंच आहे. पण ती नोन संपली.

पहाटे तंदूर पेटवून नवी भाजली. हिलोला दारात पेटी घेऊन उभी होती. मी नोन पुढे केली. तिनं पेटी खाली ठेवली. "ओयी, मी सहा आठवड्यांसाठी जातेय."

"जितके दिवस असतील तितके. घास तोड. गाडीला उशीर होतो."

तिनं तोडला. गरम होता, जीभ पोळली. उरलेली मी त्याच खिळ्याला टांगली आणि दोघी फलाटावर आलो.

६:४८ वेळेवर. चढले ४७. शेरा: त्यातलं एक परत यायचं आहे.